झोळी सैल पडली तेव्हा...

खोकला आला की मांडीला मांडी आवळून उभं राहायचं, ही युक्ती बायकांना कुणी शिकवत नाही. तरी चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी जणींना ती येते. शिंक आली की कमरेत वाकायचं, हसू आलं की तोंडाला पदर लावून ते अर्ध्यावर गिळायचं, पाण्याची बादली उचलण्याआधी मोरीत एक फेरी मारून यायची. घरच्यांना वाटतं, बाईचा स्वभावच गंभीर आहे. बाईलाही काही वर्षांनी तसंच वाटू लागतं.

जबलपूरच्या गोलबाजार भागातल्या एका जुन्या मराठी घरातल्या वहिनी नऊ वर्षं असंच जगत होत्या. भोसल्यांच्या काळापासून या शहरात मराठी घरं आहेत. बोलण्यात हिंदी मिसळलं, पण चैत्रातलं हळदीकुंकू आणि गुरुवारचं भजन सुटलं नाही. वहिनींचा आवाज चांगला. मंडळात वरच्या पट्टीतलं काही असलं की त्यांनाच पुढे करत. एके दिवशी त्यांनी भजनाला जाणंच सोडलं. घसा धरतो म्हणाल्या. खरं कारण असं, की वरचा स्वर लावताना पोटातून जोर लागतो आणि त्या जोरासरशी खाली लुगडं ओलं होतं. हे सांगायचं कुणाला आणि कोणत्या शब्दांत?

मग नर्मदेवर ग्वारीघाटाला जाणं बंद झालं. फिक्या रंगाच्या साड्या कपाटात तळाशी गेल्या. यजमान गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झाले, चारधामला जाऊ या म्हणाले, तर वहिनींनी गुडघे पुढे केले. हे सगळं एक वेळ ठीक. पण नागपूरला दिलेल्या लेकीचं दुसरं बाळंतपण आलं. मोठ्या नातवाची शाळा असल्यामुळे लेकीला माहेरी येता येईना, म्हणून आईने तिकडे यावं असं ठरलं होतं. जबलपूर ते नागपूर म्हणजे जवळपास पावणेतीनशे किलोमीटर. लखनादौन, शिवनी करत बस जाते. कुठे थांबेल, थांबली तर तिथे बायकांची सोय असेल का, याचा भरवसा नाही. आणि पुढे दोन महिने व्याह्यांच्या घरी राहायचं, म्हणजे वाळत घातलेले कपडे विहीणबाईंच्या नजरेला पडणार. वहिनींनी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, "गुडघे फार दुखताहेत गं, मला नाही जमायचं." लेक काही बोलली नाही. त्यानंतर तीन वर्षं ती माहेरी आली ती फक्त लग्नकार्यापुरती. आईला आपल्यासाठी दोन महिने काढता आले नाहीत, एवढंच तिच्या मनात राहिलं.

बिंग फुटलं ते गच्चीवर. सूनबाई कपडे काढायला गेली, तेव्हा चादरीखाली लपवून वाळत घातलेल्या जुन्या सुती घड्यांची रांग तिला दिसली. तिने खाली येऊन सरळ विचारलं, "आई, हे कधीपासून?" वहिनी आधी रागावल्या, मग रडल्या. सहा महिन्यांची बाळंतीण असलेली सूनबाई शेजारी बसून म्हणाली, "आई, मलाही होतंय. शिंकलं की." सासूसुनेत इतकं खरं बोलणं त्या घरात त्याआधी झालं नसेल.

जबलपुरात मेडिकल कॉलेज १९५५ पासून आहे, बायकांसाठीचं एल्गिन हॉस्पिटल त्याहूनही जुनं. तेव्हा डॉक्टर लांब होते असं नाही. अंतर होतं ते जिभेपासून ओठांपर्यंतचं. दोघी एका डॉक्टरबाईंकडे गेल्या. बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "हंसने-खांसने पर होता है, या रास्ते में, टॉयलेट पहुँचने से पहले?" वहिनी गोंधळल्या. या दोन्हींत काही फरक असतो, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

फरक मोठा आहे. हसलं, खोकलं, वजन उचललं की थोडी लघवी सुटते, ती पोटातल्या दाबामुळे. जोराची भावना येऊन दाराचं कुलूप उघडेपर्यंतही धीर धरवत नाही, तिथे मूत्राशय स्वतःच अवेळी आकसत असतं. पहिल्या प्रकारात आधार सैल पडलेला असतो, दुसऱ्यात मूत्राशय उतावीळ झालेलं असतं. काहींना दोन्ही असतं. ज्या शस्त्रक्रियेबद्दल पुढे लिहिलं आहे ती पहिल्या प्रकारासाठी आहे. दुसऱ्यासाठी औषधं आहेत, मूत्राशयाला सवय लावण्याचे उपाय आहेत. दिवसरात्र सतत ठिबकत राहणं ही आणखी वेगळी गोष्ट. अडलेल्या बाळंतपणानंतर मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडलं तर तसं होतं, आणि त्याची शस्त्रक्रियाही निराळी.

वहिनींचा प्रकार पहिला निघाला. लघवीत जंतू नाहीत, साखर नाही, हे तपासून झालं. तीन दिवस किती वाजता किती पाणी प्यायलं, किती लघवी झाली, कधी सुटली, हे वहीत लिहायला लावलं. मग भरल्या मूत्राशयाने खोकायला सांगितलं. वहिनी संकोचाने मेल्याहून मेल्या झाल्या, पण डॉक्टरबाईंना जे पाहायचं होतं ते दिसलं. नंतर त्यांनी विचारलं, "घर में बच्चे का झूला है न, साड़ीवाला?" होता. मधल्या खोलीत वहिनींच्याच जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली होती. त्या झोळीवरूनच बाईंनी पुढचं सगळं समजावलं.

बाईच्या कमरेच्या हाडांचं मिळून एक भांडं होतं. पुढे दोन्हीकडची हाडं जिथे जुळतात तो सांधा, मागे माकडहाड, बाजूंना बैठकीची हाडं. पण या भांड्याला हाडाचा तळ नाही. बाळाला वाट हवी म्हणून तो उघडा आहे, आणि ही उघडी जागा स्नायूंनी भरून काढलेली आहे. पुढच्या हाडाच्या आतल्या बाजूपासून मागे माकडहाडापर्यंत हे स्नायू पसरलेले असतात. पोटातल्या सगळ्या अवयवांचं वजन उठता-बसता पेलतात ते हेच. त्यांतून तीन वाटा खाली येतात: पुढे मूत्रमार्ग, मध्ये योनिमार्ग, मागे गुदद्वार.

मूत्राशय बरोबर पुढच्या हाडाच्या मागे बसलेलं असतं. त्यातून निघणारा बाईचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटरचा, करंगळीहूनही आखूड. पुरुषाचा वीसेक सेंटिमीटरचा असतो. देवाने इथे जरा पक्षपातच केला म्हणायचा! या चार सेंटिमीटरच्या नळीखाली योनिमार्गाची पुढची भिंत आणि तिला चिकटलेला चिवट तंतूंचा एक थर असतो. या थराच्या दोन्ही कडा भांड्याच्या बाजूच्या भिंतींवरच्या तंतूंच्या पांढऱ्या दोरीला आणि तळाच्या स्नायूंना बांधलेल्या असतात. म्हणजे ही दोन्ही टोकांना अडकवलेली झोळीच, आणि तिच्यात मूत्रमार्ग टेकलेला. शिवाय नळीचा मधला भाग पुढच्या हाडाला बारीक तंतूंनी ओढून धरलेला असतो.

खोकला आला की पोटातला दाब एकदम वाढतो आणि वरून खाली ढकलतो. झोळी ताठ असेल तर नळी तिच्यावर दाबली जाऊन चपटी होते आणि वाट बंद होते. झोळी सैल असेल तर नळी झोळीसकट खाली जाते आणि वाट उघडीच राहते. अमेरिकेतल्या मिशिगनचे डॉक्टर जॉन डीलान्सी यांनी १९९४ साली मृत शरीरांच्या बारकाईने केलेल्या अभ्यासातून हे मांडलं. बागेतली रबरी नळी फरशीवर ठेवून तिच्यावर पाय दिला तर पाणी थांबतं. तीच चिखलात ठेवून पाय दिला तर नळी रुतते आणि पाणी वाहतच राहतं. दोष नळीचा नाही, खालच्या जमिनीचा आहे.

वहिनींनी इथे एक प्रश्न विचारला. डॉक्टरबाईंना तो फार आवडला. "मग माझी मूत्रपिशवी कमजोर नाही?" नाही. नऊ वर्षं त्या स्वतःला मनाने कमजोर, शरीराने नासकी आणि वयाने म्हातारी समजत होत्या. इथे तर एका पट्ट्याचा ताण गेला होता!

तो जातो बहुतेक बाळंतपणात. बाळाचं डोकं खाली येताना पुढच्या हाडाला धरलेले स्नायू किती ताणले जातात, याचा हिशेब मिशिगनमध्येच संगणकावर मांडण्यात आला. सर्वांत आतला स्नायू मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो असं दिसलं. बहुतेक जणींचा तो पुन्हा सावरतो. काहींचा हाडापासून थोडा सुटतो, काहींच्या तिथल्या नसा दुखावतात. तरुणपणी बाकीचे स्नायू ती उणीव झाकून नेतात. पाळी जाण्याच्या सुमारास तिथल्या त्वचेचा आणि तंतूंचा भरीवपणा कमी होतो, वजन वाढलेलं असतं, जुना खोकला किंवा बद्धकोष्ठ असतं, आणि मग वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची ओढाताण अंगावर निघते. वहिनींचं पहिलं बाळंतपण दीड दिवस चाललं होतं. आपल्याकडे बाळंतिणीचं पोट घट्ट बांधतात, शेक देतात, डिंकाचे लाडू करतात. ते प्रेमाने होतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण पोट बांधून तळ आवळला जात नाही. तळासाठी बाळंतिणीला काही करायला सांगणारी आजी अजून तरी भेटायची आहे.

ते काम अमेरिकेतल्या डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली केलं. त्यांचा व्यायाम साधा आहे. वायू आणि लघवी एकाच वेळी रोखून धरल्यासारखा तळ आत-वर ओढायचा, पाच ते दहा सेकंद धरायचा, तितकाच वेळ सोडायचा. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत, श्वास कोंडायचा नाही. प्रत्यक्ष लघवी करताना धार तोडून रोज सराव करणं चुकीचं. पुष्कळ जणी नेमका उलटा प्रकार करतात, म्हणजे आत ओढण्याऐवजी खाली कुंथतात. म्हणून एकदा डॉक्टरकडून किंवा व्यायामतज्ज्ञाकडून तपासून घ्यावं. आणि पाणी तोडणं हा उपाय नव्हे. घट्ट, पिवळी लघवी मूत्राशयाला चिडवते. चहा कमी केला तर मात्र चालतं.

सासूसुनेने चार महिने नेटाने व्यायाम केला. दुपारी बाळ झोळीत झोपलं की दोघी भिंतीला टेकून बसत, सूनबाई आकडे मोजी. यजमानांना वाटलं, जप चालला आहे. सूनबाई पूर्ण बरी झाली. वहिनींचा त्रास निम्म्यावर आला, पुढे हलेना. तेव्हा शस्त्रक्रियेचा विषय निघाला.

सैल झोळीखाली नवा पट्टा घालायचा, ही कल्पना जुनी आहे. पोटाच्या पुढच्या भिंतीतल्या चिवट पापुद्र्याच्या पट्ट्या काढून त्या मूत्रमार्गाखाली झुल्यासारख्या बांधण्याची रीत अमेरिकेच्या डॉ. आल्ड्रिज यांनी १९४२ साली सांगितली. आपली माणसंही या पट्ट्यांच्या विद्येत मागे नव्हती. गोव्यातल्या शिरोड्याला १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगाला माहीत आहेत ते गर्भाशयाच्या तोंडाला घातलेल्या टाक्यासाठी. पण अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायकांचं गर्भाशय न काढता, ते पट्टीने मागे कण्याच्या तळाच्या हाडाला बांधण्याची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईच्या डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या भिंतीतल्याच पट्ट्यांनी गर्भाशयाचं तोंड पुढे बांधलं. त्यातली खुबी अशी, की बाईने जोर केला की पोटाचे स्नायू ताणले जातात आणि त्यांच्याबरोबर पट्ट्याही. ज्या दाबाने अंग बाहेर यायचं, त्याच दाबाने ते वर धरलं जातं. या दोघांच्या पट्ट्या गर्भाशयासाठी होत्या, लघवीसाठी नव्हे. पण उणीव ओळखून झोळी बांधण्याची बुद्धी तीच.

स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर पेट्रोस यांनी आधार नेमका कुठे हवा, याकडे लक्ष वेधलं. मूत्राशयाच्या तोंडाशी नव्हे, तर नळीच्या मधोमध. १९९६ साली उल्मस्टेन यांनी जेमतेम एक सेंटिमीटर रुंदीची जाळीदार कृत्रिम फीत तिथे घालायची पद्धत प्रसिद्ध केली. जागा बधिर करून बाईला टेबलावरच खोकायला सांगत आणि त्यावरून फितीचा ताण ठरवत. फीत आवळायची नसते. नळी आणि फीत यांच्यामध्ये कात्रीचं पातं सरकेल इतकी ढील ठेवतात. एरवी तिने काही करायचं नाही, फक्त खोकल्याच्या वेळी खाली जमीन म्हणून हजर राहायचं. अशा बायकांच्या एका गटाची सतरा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा तपासलेल्यांपैकी दहातल्या नऊ जणी कोरड्या होत्या.

मग भीती कशाची? जागेची. फितीची सुई पुढच्या हाडाच्या मागून वर जाते. तिथे हाड आणि मूत्राशय यांच्यामध्ये बोटभर फट आहे, रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. हाडाला घासून गेलं तर वाट सुरक्षित, जरा मागे गेलं तर मूत्राशय, जरा बाहेर गेलं तर पायाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी. हाडावरून आडवी जाणारी एक वाहिनी तर शरीरशास्त्रात 'मृत्यूचा मुकुट' या नावाने प्रसिद्ध आहे! म्हणून मूत्राशय आधी रिकामं करतात आणि सुई गेल्यावर दुर्बिणीने आतून पाहतात. शंभरात तीन ते पाच जणींच्या मूत्राशयाला सुई लागते. ती तिथल्या तिथे दिसली तर काढून पुन्हा घालता येते. न पाहता राहिली तर पुढे दुखणं. हा धोका टाळायला फ्रान्सच्या डॉ. डेलॉर्म यांनी २००१ साली दुसरी वाट काढली. ती मांडीच्या मुळाशी असलेल्या हाडातल्या पडद्याने झाकलेल्या खिडकीतून जाते. खिडकीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून नस आणि रक्तवाहिनी जातात, म्हणून सुई खालच्या आतल्या कडेने न्यायची. यात मूत्राशय बरंच वाचतं, पण मांडी आणि जांघ दुखण्याची तक्रार जास्त असते.

वहिनींच्या मुलाने मोबाइलवर आणखी वाचलं. कृत्रिम जाळीवरून परदेशात मोठे खटले झाले. काही बायकांना ती टोचू लागली, योनिमार्गात उघडी पडली, काढणंही अवघड झालं. ब्रिटनने २०१८ साली अशा फितींचा सरसकट वापर थांबवला. अमेरिकेने २०१९ साली योनिमार्गातून अंग वर धरण्यासाठी घालायची मोठी जाळी बाजारातून काढायला लावली. लघवीसाठीची अरुंद फीत मात्र तिथे बंद केली नाही. बातम्यांत या दोन गोष्टींची फार गल्लत होते. मुलगा म्हणाला, नकोच. डॉक्टरबाईंनी रागावण्याऐवजी सगळं खरं असल्याचं सांगितलं आणि आल्ड्रिजची जुनी वाट पुन्हा पुढे ठेवली. स्वतःच्याच पोटातला पापुद्रा. त्यात परकी वस्तू नाही. पण पोटावर छेद मोठा, मुक्काम जास्त, आणि नंतर काही दिवस लघवी अडण्याचा संभव अधिक. जी डॉक्टर फक्त फायदेच सांगते, तिला हे प्रश्न आपणहून विचारावेत.

घरात दोन आठवडे खल झाला. यजमान म्हणाले, "आपल्याच कापडाचं ठिगळ बरं." वहिनींनी दोन्हींकडचा हिशेब पुन्हा समजून घेतला आणि आपल्या पापुद्र्याची शस्त्रक्रिया निवडली. छत्तीस वर्षांच्या संसारात यजमानांसमोर त्यांनी 'लघवी' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तो या दोन आठवड्यांत.

सगळं सुरळीत झालं असं नाही. नळी काढल्यावर लघवी पूर्ण होईना. मूत्राशयात किती उरते ते रोज मोजत होते, आकडा उतरत नव्हता. दहा दिवस नळी पुन्हा ठेवावी लागली. वहिनी त्या दिवसांत फार खचल्या, आधीचंच बरं होतं म्हणाल्या. अकराव्या दिवशी नळी निघाली आणि धार लागली. आता सहा आठवडे बादली उचलायची नाही, बाळाला कडेवर घ्यायचं नाही. पहाटेचं पाणी यजमान भरू लागले आणि कुरकुरूही लागले.

शुश्रूषेला नागपूरहून लेक आली, चार दिवसांसाठी, जरा फुगूनच. तिसऱ्या रात्री वहिनींनी तिला सगळं सांगितलं. बस, व्याह्यांचं घर, वाळत घालायच्या घड्या, गुडघ्यांचं निमित्त. लेक बराच वेळ गप्प होती. मग चिडून म्हणाली, "तीन वर्षं मी रुसले, ती या चार सेंटिमीटरसाठी?" वहिनींना हसू आलं. टाके दुखतील म्हणून त्यांनी पोटावर उशी दाबून धरली.

लेक चारऐवजी पंधरा दिवस राहिली. निघताना तिने वहिनीकडून, म्हणजे भावजयीकडून, व्यायामाची पद्धत नीट शिकून घेतली. तिचं दुसरं बाळंतपण सिझेरियनचं होतं, पण पहिलं नव्हतं.